गुरुवारचा वर्ग

चाकण,
७ जुलै २०२४

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

फोनवर मी एक सांगते आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला हो म्हणता. एकतीस वर्षं प्रेसशॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढल्यावर कान तरी किती साथ देणार! म्हणून हे पत्र. मामींना वाचायला देऊ नका, त्या लगेच माझ्या आईला फोन लावतात.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत टाय लावलेला एक माणूस आला होता. परदेशातल्या एखाद्या शाळेशी आमची शाळा जोडून देणार, पडद्यावर दोन्हीकडची मुलं एकत्र शिकणार, मिळून प्रकल्प करणार, असं बरंच काही त्याने सांगितलं. माझ्या सातवीच्या मुली ऐकता ऐकता बाकाच्या टोकाला येऊन बसल्या. मग त्याने आकडा सांगितला. एका मुलामागे वर्षाला अठरा हजार! आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं कंत्राटी कामगारांची. कोणी परभणीचं, कोणी बीडचं, सगळी एकेका खोलीत राहणारी. हेडमास्तरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तो निघाला तेव्हा रुपाली नावाच्या मुलीने त्याला विचारलं, "काका, तिकडच्या पोरी पण पैसे भरतात का आमच्याशी बोलायला?" तो घड्याळ बघत गाडीकडे गेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. जगाशी बोलायला मध्ये दलाल कशाला लागतो? तुम्ही नेहमी म्हणता की निगडीपासून चाकणपर्यंत अशी गल्ली नाही जिथे तुमची ओळख नाही. आता दाखवा बघू तुमच्या ओळखी.

तुमची,
मिनल


संत तुकाराम नगर, पिंपरी
१६ जुलै २०२४

चि. मिनल,
अनेक आशीर्वाद.

पत्र मामीनेच आधी फोडलं. तुझ्या आईला फोनही झाला. आता पुढचं ऐक.

अठरा हजार मागणाऱ्या त्या टायवाल्याचं मला नवल वाटत नाही. माणसाने माणसाला रामराम करायचा, त्याचेही पैसे लावतील हे लोक. आपल्याकडे ओळखीवर कामं होतात, आणि ओळख फुकट असते. फक्त ती चहा पिऊन वाढवावी लागते, आणि तो मी आयुष्यभर भरपूर प्यायलोय.

तर आमचा धम्मपाल. तुझा हा भाऊ मारुंजीला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. एका खोलीत तो आणि दुसऱ्या खोलीत त्याचे संगणक. लग्नाचं विचारलं की हेडफोन लावतो. त्याच्या ऑफिसातून जुना पडदा आणि कॅमेरा मिळेल म्हणतो. त्याच्याबरोबर शिकलेला गणराज तुमच्या चाकणचाच. तो दोन वर्षांसाठी जर्मनीला गेलाय, ट्रेनिंगवर. एका छोट्या गावात राहतो, आणि त्याची घरमालकीण शाळेत शिक्षिका आहे. काय समजलीस? झाली तुझी परदेशातली शाळा. एक पैसा नाही.

राहता राहिले तुमच्या संस्थेचे दौलतराव. त्यांच्याकडे अर्ज घेऊन जाऊ नकोस, अर्ज बघितला की त्यांना निवडणूक आठवते. गुरुवारी सकाळी जा. "उद्घाटन तुमच्याच हस्ते" एवढंच म्हण. बाकीचं ते स्वतःच बोलतील.

तुझा मामा,
भीमराज


चाकण,
१३ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

घोडं गंगेत न्हालं! काल आमचा पहिला वर्ग झाला.

दौलतरावांचं तुम्ही म्हणालात तस्संच झालं. उद्घाटन म्हटल्यावर त्यांनी समाजमंदिराचा हॉल दिला, इंटरनेट दिलं, वर शाळेच्या गेटवर फ्लेक्स लावायचंही कबूल केलं. त्यांचं एक बरं आहे, सगळंच त्यांचं आहे. शाळेची संस्था त्यांची, मुलं राहतात त्या चाळी त्यांच्या, आणि आसपासच्या कंपन्यांना कामगार पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. जमीन गेली आणि हा धंदा आला, असं ते स्वतःच सांगतात. माणूस वाईट नाही. "मॅडम, आमी न्हाई शिकलो, पोरांनी तरी शिकावं की!" असं म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

वर्ग मुद्दाम गुरुवारी ठेवलाय, दुपारी एक वाजता. तिकडे तेव्हा सकाळ असते. शिवाय गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे आईवडील घरी असतात. मला वाटलं होतं चार-पाच जण डोकावतील. मामा, सगळ्या खिडक्या भरल्या होत्या! दाढी केलेले, इस्त्रीचे शर्ट घातलेले बाप बाहेर उन्हात उभे होते. त्यातल्या एकाला मी आत बोलावलं तर म्हणाला, "नको मॅडम, आमी इथूनच बगतो. लेकराला लाज वाटंल." तो रुपालीचा बाप, विलास. रुपालीला अजिबात लाज वाटत नव्हती. तिची जोडी लेना नावाच्या मुलीशी लागलीय. रुपालीने तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिलंच विचारलं, तुझ्या घरात पाणी किती वाजता येतं? लेनाला प्रश्नच कळला नाही. त्यावर दोघी इतक्या हसल्या की तिकडे गणराजच्या घरमालकीण उर्सुलाबाईंना टेबल वाजवावं लागलं.

धम्मपालने चार तास खपून वायरी जोडल्या. त्याला माझ्यातर्फे पुरणपोळी खाऊ घाला.

तुम्ही एकदा या. ऐकू नाही आलं तरी चालेल, बघायला या.

तुमची,
मिनल


संत तुकाराम नगर, पिंपरी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मिनल,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझा वर्ग बघून आलो तेव्हापासून मामीला तेच तेच सांगतोय. ती म्हणते, आता मलाही पाठ झालं.

मला काही ऐकू आलं नाही हे खरं. पण ती रुपाली पडद्यासमोर उभी राहून हात हलवून काहीतरी समजावत होती आणि जर्मनीची वीस पोरं तोंड उघडं ठेवून बघत होती, ते दिसलं. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते आमच्या पिढीने ऐकलं, म्हणून मी आयटीआय झालो. पण आपलं ऐकायला जग थांबतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी रडलो. तू बघितलं नाहीस, बरं झालं.

वर्ग सुटल्यावर तुझ्या त्या विलासशी बाहेर बोललो. प्रेसवाला आहे म्हटल्यावर माझं त्याचं जमणारच. तो कानाशी येऊन बोलला, म्हणून सगळं कळलं. नऊ वर्षं एकाच मशीनवर आणि अजून कंत्राटी! आमच्या वेळी दोन वर्षांत माणूस कायम व्हायचा, नाहीतर गेटवर सभा लागायची. एकोणनव्वद साली कँटीनच्या अळ्यांवरून आम्ही परदेशातल्या हेड ऑफिसला थेट पत्र घातलं होतं. इथले साहेब दाद देईनात म्हणून. सहा आठवड्यांत नवं कँटीन उभं राहिलं. मी विलासला म्हटलं, वरच्या माणसाला कळलं पाहिजे, खालचे मधल्या मधे दाबून टाकतात. तो नुसता हसला. आजकालची पोरं घाबरट झालीत.

तुझा मामा,
भीमराज


चाकण,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

दिवाळीनंतर मुलांना निबंध दिला होता, 'माझ्या घरातल्या माणसाचं काम'. दोन्हीकडच्या मुलांनी लिहायचा आणि एकमेकांना पाठवायचा. त्यातून एक गंमत कळली. विलासची कंपनी ज्या मोठ्या कंपनीची आहे, ती त्या लेनाच्याच गावात आहे! लेनाची आई तिथे ऑफिसात कामाला. म्हणजे विलास इथे जो पत्र्याचा भाग दाबतो, त्याचे कागद तिकडे लेनाची आई बघते. दोघी मुली आपण बहिणीच असल्यासारख्या नाचल्या. अठरा हजार घेऊन तरी त्या टायवाल्याला हे जमलं असतं का?

पण मामा, एक अडचण आहे. रुपालीने काय लिहिलंय ते वाचा. जसंच्या तसं उतरवते.

"माझे बाबा पत्रा दाबायच्या मशीनवर काम करतात. नऊ वर्षं तेच मशीन आहे. दर सात महिन्यांनी बाबांचं कंपनीत जायचं कार्ड संपतं. मग ते आठ-दहा दिवस घरी असतात. ते दिवस मला खूप आवडतात, कारण बाबा मला सायकलवर शाळेत सोडतात आणि आई त्यांना कांदा चिरायला लावते. मग नवीन कार्ड मिळतं. त्यावर नवीन नंबर असतो. मग बाबा परत त्याच मशीनवर जातात. बाबा म्हणतात, मी नऊ वर्षांत चौदा वेळा नवीन झालो."

तुम्हाला काय सांगायचं! सलग आठ महिने भरले तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. चाकणमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि कोणीच ते कागदावर लिहीत नाही. या पोरीने लिहिलं. तिला त्यात गाऱ्हाणं करायचंच नाही, तिला वाटतं ही बाबांची सुट्टी आहे. निबंध वर्गात सगळ्यांत सुंदर आहे आणि मला तो पाठवायची भीती वाटते. म्हणून एवढ्या मजकुराला मी पेन्सिलने चौकट केलीय. धम्मपाल रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो तेव्हा हा गठ्ठा त्याला द्या. इंग्रजी करून पाठवायचं काम त्याचं. त्याला बजावून सांगा, पेन्सिलच्या चौकटीतलं सोडायचं, बाकीचं पाठवायचं.

रुपालीला मी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
मिनल


संत तुकाराम नगर, पिंपरी
२ डिसेंबर २०२४

चि. मिनल,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. धम्मपालला काल दिला. काळजी करू नकोस, सगळं चांगलंच होईल. थंडी वाढलीय, मुलांना उन्हात बसव.

मामीचे गुडघे दुखतात. बाकी क्षेम.

तुझा मामा,
भीमराज


चाकण,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

हे पत्र रागात लिहितेय, अक्षर समजून घ्या.

डिसेंबरअखेर विलासचा नेहमीप्रमाणे ब्रेक सुरू झाला. दहा जानेवारीला नवीन कार्ड मिळायचं होतं. तो गेटवर गेला तर त्याला बाहेर थांबवलं. दुसऱ्या दिवशीही थांबवलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला रुपालीने सांगितलं, आणि कसं सांगितलं? "बाई, या वेळी बाबा जास्तच दिवस घरी आहेत!" ती खूश होती, मामा.

मी दौलतरावांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा त्यो वर्ग लई भारी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पन तुमच्या पोरीचा निबंध तिकडं गेला, तिथनं वरच्या सायबाला गेला, तिथनं इथल्या सायबाला आला, आन् इथल्या सायबाचा फोन मला आला. ह्ये नाव परत गेटवर दिसलं नाय पायजे, म्हनला. आता माझ्या हातात काय हाय, सांगा की."

चौकटीतला मजकूर तिकडे गेला होता, अक्षर न् अक्षर. लेनाने तो घरी आईला वाचून दाखवला. त्या बाईला वाईट वाटलं. तिने भल्या मनाने आपल्या साहेबाला विचारलं, हे खरं आहे का? एवढंच झालं. कोणाचाही हेतू वाईट नव्हता आणि एका माणसाची रोजीरोटी गेली.

मी धम्मपालला फोन करून नको नको ते बोलले. इतकं स्पष्ट सांगूनही चौकटीतलं कसं पाठवलंस म्हणून विचारलं. तो म्हणतो, "ताई, चौकट नव्हतीच." इतका निगरगट्टपणा! चुकलं म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं. स्वतः महिन्याला गलेलठ्ठ पगार घेतो, त्याला गेटवर उभं राहणं काय कळणार?

तुम्हीच त्याला विचारा. आणि मामा, तुमची कुठे ओळख असेल तर बघा. विलासला परत आत घेतलं नाही तर ते लोक इथून जातील आणि माझी रुपाली वर्षाच्या मधेच शाळा सोडेल. मला दुसरं काही नको. तिला इथे राहू द्या.

मिनल


चाकण,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

पंधरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. मामींना फोन केला तर म्हणाल्या, ते सारखे बाहेर जातात आणि घरात कोणाशी बोलत नाहीत. तब्येत बरी आहे ना?

विलास रोज पहाटे चाकण चौकात नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम करायला. आठवड्यातून दोन दिवस मिळतं. मी रुपालीला परीक्षेपर्यंत माझ्या घरी ठेवून घेते म्हणाले. तिची आई साधना म्हणाली, "मॅडम, आमी पाच गावं बदलली, पण लेकरू कवा मागं ठिवलं नाई."

एक ओळ तरी लिहा.

मिनल


संत तुकाराम नगर, पिंपरी
६ फेब्रुवारी २०२५

चि. मिनल,

धम्मपालला दोष देऊ नकोस. चौकट नव्हतीच. मी पुसली.

तुझं पत्र वाचलं, निबंध तीनदा वाचला. चौदा वेळा नवीन झालो, हे वाचून माझं डोकं फिरलं. मामीच्या पेटीतून खोडरबर घेतलं आणि तुझी चौकट पुसून टाकली. धम्मपालला म्हटलं, सगळं पाठव. मला लेनाच्या आईचं माहीत होतं, तूच लिहिलं होतंस. ती वाचेल, वर सांगेल, मोठा साहेब चिडेल, इथे चौकशी लागेल आणि विलास कायम होईल, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तुझ्या वर्गाचं नाव होईल, रुपालीचं भलं होईल, असंही वाटलं. एकोणनव्वदचं कँटीन माझ्या डोक्यातून जात नाही ना! पण तेव्हा आम्ही कायम होतो, चार हजार होतो, मागे युनियन होती. या पोराच्या मागे कोण होतं? त्याची मुलगी आणि तिचा निबंध. मी त्याला घाबरट म्हटलं. तो घाबरट नव्हता, तो मला ओळखून होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं. आणि वर हात दाखवला दुसऱ्याचा.

गेले पंधरा दिवस वणवण फिरतोय. ज्या ओळखींचा तोरा मिरवला त्या एकेक करून बघितल्या. युनियनचे जुने लोक भेटले. एकाला पक्षाघात झालाय, एक नातवाला शाळेत सोडायला निघाला होता, तिसरा म्हणाला, "भीमराज, कंत्राटी माणूस आपल्या वर्गणीच्या पावतीत बसत नाही." मजूर कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी भल्या मनाने समजावलं की तक्रार कामगाराने स्वतः करायला हवी, आणि कंत्राटदाराचं नाव घालून करायला हवी. विलासकडे गेलो तर त्याने माझे पाय धरले. म्हणाला, "बाबा, आता अजून काई करू नका."

शेवटी दौलतरावांकडे गेलो. त्यांना खरं सांगितलं, चूक माझी आहे, मास्तरणीची आणि पोरीची नाही. ते कानाशी वाकून, ओरडून बोलले. "भीमराजभाऊ, तुमच्या टायमाला सायब समोर बसायचा. आता सायबाच्या वर सायब हाय, त्याच्या वर आनिक. मला वरनं फोन येतो, मी खाली लावतो. मधी माझं कोन ऐकतंय?" मग म्हणाले, रांजणगावला माझा पाहुणा कंत्राट घेतो, तिथे विलासला लावून देतो. अट एकच, जुन्या कंपनीबद्दल कुठे ब्र काढायचा नाही. मी हात जोडले. एकतीस वर्षांत कुठल्या ठेकेदाराला हात जोडले नव्हते.

सोळा तारखेला ते रांजणगावला जातील. रुपालीची शाळा मी वाचवू शकलो नाही. मला माफ कर असं लिहायचं होतं, पण माफी तुझी मागून काय उपयोग?

भीमराज


चाकण,
२३ मार्च २०२५

प्रिय मामा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा राग आला होता. तो आता उतरलाय. निबंध लिहायला लावला मी, चौकट पेन्सिलने केली मी, आणि गठ्ठा तुमच्याकडे दिला तोही मीच. शाईने खोडायला माझा हात धजला नाही, कारण माझ्याही मनात तो पाठवायचाच होता. धम्मपालची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, जाऊ दे. मी तरी न विचारता पाठवलंच ना?"

रुपाली गेली त्याला महिना झाला. दाखला न्यायला विलास आला होता. हॉलच्या खिडकीशी जरा वेळ थांबला, आत कोणी नव्हतं. रांजणगावला सातवीत आता घेत नाहीत, जूनला बघू म्हणतात. तोवर ती घरी असते, लहान भावाला सांभाळते. शाळेच्या गेटवरच्या फ्लेक्सवर तिचाच फोटो आहे, पडद्यासमोर हात उंचावलेला, आणि खाली 'प्रवेश सुरू'. तो काढा म्हणायला मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. या वर्षी अर्ज दुपटीने आलेत.

आता जे झालं ते तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

पंधरवड्यापूर्वी उर्सुलाबाईंचं पत्र आलं. लेनाच्या आईने पाठपुरावा केला होता. कंपनीने तिला लेखी कळवलं की आम्ही कसून चौकशी केली, विलास नावाचा कोणताही कामगार आमच्या चाकणच्या कारखान्यात कधीच नव्हता. मामा, ते खोटंही नाही. त्यांच्या हजेरीपटावर तो नव्हताच, नऊ वर्षं तो कंत्राटदाराच्या, म्हणजे दौलतरावांच्या वहीत होता. आणि कंत्राटदार सांगणार नाही.

उर्सुलाबाईंनी फार जपून लिहिलंय. मुलांची कल्पनाशक्ती मोठी असते, लेनाच्या आईचं काम पाहून रुपालीला आपल्या वडिलांनाही त्याच कंपनीत बघावंसं वाटलं असेल, यात तिचा काही दोष नाही. पण लेनाला फार लागलंय. ती विचारते, रुपाली माझ्याशी खोटं का बोलली? तिला काय सांगू, ते कृपया कळवा.

मी कपाटातून प्रवेशाच्या फायली काढल्या. रुपालीच्या फायलीत दरवर्षी वडिलांच्या गेटपासची प्रत जोडलेली आहे. सहा वर्षांचे सहा पास. नंबर सहा, कंपनी एक, आणि फोटो त्याच माणसाचा, फक्त केस कमी होत गेलेला. मी त्यांचे फोटो काढले. पाठवायचं बटण दाबायच्या आधी विलासला फोन केला, कारण या वेळी न विचारता काही करायचं नाही एवढं तरी मी शिकले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, माझी पोरगी खोटी ठरली तर चालंल. इथनं बी काढलं तर आमी कुठं जावं?"

मी फाईल बांधून परत ठेवली आणि उर्सुलाबाईंना उत्तर लिहिलं. रुपालीने ते मनाने रचलं होतं, असं लिहिलं. ती चांगली मुलगी आहे, लहान आहे, लेनाला सांगा तिला माफ कर. इंग्रजी माझं मीच केलं, धम्मपालला दिलं नाही.

परवाच्या गुरुवारी वर्गात लेनाने सगळ्यांसमोर विचारलं की रुपाली कुठे आहे. मी म्हणाले, ती गावाला गेली. मग तिकडच्या एका मुलाने त्या निबंधाचं काढलं. तेव्हा आमच्या दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पण तिचे बाबा आमच्या बाबांसोबतच जायचे की, एकाच बसने." मी तिला खाली बस म्हणाले. ती बसेना, तेव्हा माझा आवाज चढला. खिडकीतले बाप जमिनीकडे बघत होते. ती मुलगी बसली. खरं बोलणाऱ्या मुलीला गप्प बसवायची वेळ माझ्यावर याआधी कधी आली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आजवर मी खाल्ला होता. त्या दिवशी मी दिला.

वर्ग बंद करावा असं वाटतं. पण गुरुवारी साडेबारालाच मुलं हॉलच्या दाराशी येऊन बसतात, केस विंचरून. त्यांना मी काय कारण सांगू?

या महिन्याचा विषय 'आमच्या गावचे सण' असा ठेवलाय. निबंध पाठवायच्या आधी गठ्ठा घेऊन मी दौलतरावांना दाखवायला जाते. त्यांनी तसं सांगितलेलं नाही. माझी मीच जाते.

तुमची,
मिनल